सकाळची उपाशीपोटी साखर आणि रात्रीचे इन्सुलिन: डोस वाढवण्याआधी काय पाहावे

"डॉक्टर, रात्री आठला जेवलो. त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. झोपताना साखर १४५ होती, सकाळी उठून पाहिली तर १९०. झोपेत कोणी साखर भरवली का मला?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. विचारणारा बहुधा थोडा चिडलेला असतो, कारण घरच्यांनी त्याच्यावर रात्री फ्रीज उघडल्याचा आरोप केलेला असतो. बहुतेक वेळा तो खरे बोलत असतो. सकाळची साखर वाढायला रात्री काही खाल्लेलेच असावे लागते असे नाही. पण ती नेमकी कशामुळे वाढली हे कळल्याशिवाय रात्रीच्या इन्सुलिनचा डोस वाढवत नेणे धोक्याचे आहे. हा लेख त्यासाठी आहे.

इथे दिलेले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे तुमच्या ग्लुकोमीटरवर दिसतात तेच. लेख प्रामुख्याने टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. गरोदर स्त्रियांची आणि लहान मुलांची उद्दिष्टे वेगळी असतात. त्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.

रात्री साखर येते कुठून

आपले यकृत, म्हणजे लिव्हर, हे साखरेचे कोठार आहे. जेवल्यावर ते साखर साठवते आणि पोट रिकामे असताना थोडी थोडी रक्तात सोडते. तसे नसते तर रात्रभर झोपलेल्या माणसाचा मेंदू उपाशी राहिला असता. यकृताने किती साखर सोडायची यावर लगाम ठेवण्याचे काम इन्सुलिन करते. टाइप २ मधुमेहात एक तर इन्सुलिन कमी पडते आणि दुसरे म्हणजे यकृत त्याचे नीट ऐकत नाही. लगाम सैल पडतो आणि रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात येत राहते.

त्यात पहाटेची भर पडते. साधारण चार ते आठ या वेळात शरीर उठायच्या तयारीला लागते. कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन यांसारख्या संप्रेरकांचा जोर वाढतो आणि ती इन्सुलिनच्या उलट दिशेने ओढतात. मधुमेह नसलेल्या माणसाचे स्वादुपिंड त्या वेळी थोडे जास्त इन्सुलिन सोडून हिशेब जुळवते. मधुमेहात ते जमत नाही. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात; आपण पहाटेची वाढ म्हणू.

म्हणूनच सकाळची साखर जास्त आली की रात्रीचे जेवण बंद करून नुसत्या ताकावर झोपणे हा इलाज नाही. यकृत आपले काम करणारच. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी झोपलात तर साखर खाली जाण्याची भीती वेगळीच.

काही कारणे मात्र अगदी साधी असतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात. पहाटे साडेपाचला "अर्धाच कप" चहा घेतला आणि साडेसातला साखर तपासली, तर ती उपाशीपोटीची नव्हे. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. आंबा कापून हात न धुता बोट टोचले तर मीटर बोटावरची साखरही मोजतो. असा २८० चा आकडा हात धुतल्यावर १६० झालेला मी पाहिला आहे. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडखळणाऱ्या माणसांचीही सकाळची साखर जास्त राहू शकते. घोरणे हा फक्त शेजारी झोपणाऱ्याचा प्रश्न नाही, तो डॉक्टरांना सांगा.

एका आकड्यावरून काही ठरवू नका

सकाळचा आकडा म्हणजे आदल्या रात्रीच्या गोष्टीचे शेवटचे पान. मधली पाने वाचायची असतील तर तीन वेळा तपासावे लागते: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. असे तीन रात्री करा. सलग नाही जमले तरी एका आठवड्यात करा. तीनचा गजर लावणे जिवावर येते हे मला माहीत आहे. पण तीन रात्रींच्या झोपमोडीतून जे कळते ते महिनाभर नुसती सकाळची साखर लिहून कळत नाही. ज्यांना परवडते त्यांनी दंडावर चिकटवायचा सेन्सर दोन आठवडे लावला तरी चालतो. तो रात्रभराचा आलेखच काढून देतो.

एक अट आहे. आपल्याकडे बऱ्याच घरी रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला होते आणि साडेदहाला अंथरुणावर पडतात. त्या वेळी तपासलेली साखर ही झोपतानाची नसून जेवणानंतर चढत असलेली असते. म्हणून तपासणीच्या तीन दिवशी तरी आठच्या आत जेवा आणि अकराच्या सुमारास तपासा.

आता आकडे कसे वाचायचे ते पाहू. झोपताना १४०, तीनला १३५ आणि सकाळी १९० असेल, तर ती पहाटेची वाढ आहे. झोपताना १४०, तीनला १८५, सकाळी २३० असेल, तर रात्रभर साखर चढते आहे. म्हणजे इन्सुलिन कमी पडते आहे, पहाटेपर्यंत पुरत नाही किंवा नीट आत जात नाही. या दोन्ही प्रकारांत रात्रीच्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा खरा उपयोग होतो.

झोपताना २५०, तीनला २३०, सकाळी २१० असेल, तर गोष्ट निराळी. यकृताने रात्रभरात फारसे काही केलेले नाही. ही साखर रात्रीच्या ताटातून आली आणि तशीच सकाळपर्यंत राहिली. इथे दुरुस्ती जेवणात किंवा जेवणावर काम करणाऱ्या औषधात करायची असते.

आणि चौथा प्रकार: झोपताना १५०, तीनला ६२. मग सकाळचा आकडा काहीही असो, डोस जास्त होतो आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आहे.

या चौथ्या प्रकाराबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की रात्री साखर उतरली की शरीर घाबरून भरपूर साखर सोडते आणि म्हणून सकाळी ती वाढलेली दिसते. मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि तिला त्याचेच नाव पडले. पुढे सेन्सर लावून रात्रभराची साखर पाहता येऊ लागली, तेव्हा दिसले की रात्री साखर उतरलेल्या बहुतेकांची सकाळची साखरही कमीच असते. त्यामुळे सकाळी वाढलेली साखर दिसली की "रात्री उतरली असेल" असे धरून डोस कमी करू नका, आणि "उतरणे शक्यच नाही" असे धरून वाढवूही नका. तीन वाजता तपासा.

मीटरचा एक स्वभावही लक्षात ठेवा. चांगल्या मीटरच्या आकड्यातही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक आंतरराष्ट्रीय मानकात चालतो. काल १४० आणि आज १५२ आली म्हणून घरात काळजीचे वातावरण करायचे कारण नाही. ते दोन्ही आकडे एकच समजा.

तुमचे रात्रीचे इन्सुलिन कोणते

"रात्रीचे इन्सुलिन" या एका नावाखाली लोक चार-पाच वेगळ्या गोष्टी घेत असतात. म्हणून मी रुग्णाला नेहमी पेन किंवा बाटलीच घेऊन यायला सांगतो.

बाटलीवर नुसते एन असेल तर ते एनपीएच. ते दुधाळ दिसते, घेण्याआधी तळहातांमध्ये हलके फिरवून एकसारखे करावे लागते. त्याचा जोर घेतल्यावर साधारण चार ते आठ तासांनी सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरतो. संध्याकाळी सातला घेतले तर जोर मध्यरात्रीच्या आसपास येतो आणि पहाटे, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा तो उतरणीला लागलेला असतो. अशा रुग्णांत डोस तोच ठेवून वेळ फक्त रात्री दहावर नेली तरी सकाळची साखर सुधारलेली दिसते. अर्थात वेळ बदलली की पहाटे दोन-तीनची साखर तपासावीच लागते, कारण जोर आता तिकडे सरकलेला असतो.

ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते, साधारण चोवीस तास चालते आणि त्याचा जोर बराचसा सपाट असतो. डेग्लुडेक आणि ३०० ताकदीचे ग्लार्जिन याहूनही लांब चालतात. ही इन्सुलिन जेवणाशी बांधलेली नसतात. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, एवढेच. ग्लार्जिन दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचे नाही.

तिसरा प्रकार मिक्सचा, म्हणजे ३०/७०. आपल्याकडे तो खूप वापरला जातो. त्यात जेवणासाठीचा वेगवान भागही असतो, म्हणून ते जेवणाआधीच घ्यायचे असते. मिक्स इन्सुलिन घेऊन न जेवता झोपणे फार धोक्याचे. या लेखात पुढे डोस वाढवण्याबद्दल जे सांगितले आहे ते मिक्सला लागू नाही.

डोस कसा वाढवतात

बहुतेक डॉक्टर दिवसाला १० युनिटने किंवा वजनाच्या प्रत्येक किलोला ०.१ ते ०.२ युनिट या हिशेबाने सुरुवात करतात. मेटफॉर्मिन चालू असेल आणि किडनी ठीक असेल तर ते चालूच ठेवतात, कारण ते यकृतावरच काम करते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या असतील तर त्या कमी कराव्या लागू शकतात, कारण इन्सुलिनबरोबर त्या साखर खाली ओढतात.

पहिल्या आठवड्यात सकाळची साखर १८० च्या खाली आली नाही म्हणून निराश होऊ नका. सुरुवातीचा डोस मुद्दाम कमीच असतो. उद्दिष्ट बहुतेक प्रौढांसाठी सकाळी ८० ते १३०. वय जास्त, हृदयविकार, किडनीचा त्रास किंवा घरी एकटे राहणे असेल तर मी ९० ते १५० वर समाधान मानतो. सत्तर वर्षांच्या एकट्या आजींची साखर सकाळी ९५ असण्यापेक्षा १४० असलेली मला जास्त आवडते.

त्यानंतर ग्लार्जिनच्या बाबतीत साधारण दर तीन दिवसांनी, त्या तीन सकाळचे आकडे पाहून, २ युनिटने वाढवत जातात. एका दिवसाच्या आकड्यावर नाही. डेग्लुडेक आणि ३०० ताकदीचे ग्लार्जिन शरीरात स्थिर व्हायला अधिक दिवस लागतात, म्हणून तिथे डोस बदलल्यावर आठवडाभर थांबणे बरे. साखर ७० च्या खाली गेली आणि त्याचे उघड कारण सापडले नाही, तर डोस १० ते २० टक्क्यांनी कमी करतात. ही वाढ तुम्ही घरी करायची की दर वेळी विचारून, हे डॉक्टरांशी आधी ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. त्या कागदावर आणखी एक आकडा मागून घ्या: कुठे थांबायचे.

थांबायचे कुठे

तो आकडा मागायला सांगतो आहे, कारण एकदा मी तो लिहिला नव्हता.

साठी ओलांडलेले एक गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. वजन ६८ किलो. रात्री दहाला १२ युनिट ग्लार्जिन सुरू केले आणि सांगितले, सकाळी दीडशेच्या वर राहिली तर दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढवा. नोकरीत तिकिटांचा हिशेब ज्याने एका रुपयानेही चुकू दिला नाही, त्या माणसाने ही सूचना अक्षरशः पाळली. दोन महिने ते आले नाहीत, कारण त्यांच्या मते सर्व ठीक चालले होते. डोस ४२ वर पोहोचला होता.

आषाढी एकादशीला त्यांनी उपवास केला. दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री नुसते दूध. दहाला नेहमीप्रमाणे ४२ युनिट. पहाटे चारला त्यांच्या पत्नीला जाग आली ती त्यांच्या असंबद्ध बडबडीने. बनियन घामाने पिळून निघाले होते. मीटरवर ४१. सुदैवाने त्यांना गिळता येत होते आणि घरात ग्लुकोज पावडर होती. पंधरा-वीस मिनिटांत ते शुद्धीवर बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी वही पाहिली. झोपतानाची साखर रोज २३० ते २५०, सकाळी दीडशेच्या थोडी वर. म्हणजे रात्रीचा भात, आणि मालिका पाहताना तोंडात टाकलेला चिवडा, यांची साखर उतरवण्याचे काम ते ४२ युनिट करत होते. जोवर रोज तेवढे जेवण होते तोवर खड्डा झाकलेला होता. ज्या रात्री जेवण नव्हते त्या रात्री इन्सुलिनला उतरवायला काहीच उरले नाही आणि त्याने माणसालाच उतरवले. ते सूचना पाळत होते. अर्धवट सूचना दिली होती ती मी.

दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन यकृताला लगाम घालण्यासाठी आहे, जेवण पचवण्यासाठी नाही. डोस आपल्या कामापलीकडे गेला आहे हे ओळखायच्या काही खुणा आहेत. डोस वजनाच्या प्रत्येक किलोला अर्ध्या युनिटच्या पुढे गेला, म्हणजे ६८ किलोच्या माणसाला ३४ च्या पुढे, तर तिथे थांबून डॉक्टरांना भेटा. झोपतानापासून सकाळपर्यंत साखर ५० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तरी थांबा. कधी ६५, कधी २४० असे आकडे येत असतील किंवा एखादे जेवण चुकले की घाम सुटत असेल, तरीही तेच. थोडे जाड, इन्सुलिनला कमी दाद देणारे काही रुग्ण असतात ज्यांना अर्ध्या युनिटपेक्षा जास्त लागते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे.

त्या गृहस्थांचा डोस मी २६ वर आणला, रात्रीच्या भाताची एक वाटी केली, चिवड्याचा डबा त्यांच्या पत्नीने वरच्या फळीवर नेला आणि जेवणानंतरच्या साखरेसाठी वेगळे औषध जोडले. सकाळचा आकडा पहिले दोन आठवडे १७० च्या आसपास राहिला. ते नाराज होते. मी नव्हतो.

डोस बरोबर, पण साखर ऐकत नाही

अशा वेळी मी रुग्णाला शर्ट वर करायला सांगतो. रोज पोटावर त्याच जागी सुई टोचल्याने कातडीखाली मऊ, रबरासारखी गाठ तयार होते. तिथे टोचले तर दुखत नाही, म्हणून लोकांना तीच जागा आवडते. पण गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी अचानक जास्त शोषले जाते. बोटांनी चाचपून गाठ लागत असेल तर ती जागा काही महिने सोडा. मात्र चांगल्या जागेवर पहिल्यांदा टोचाल तेव्हा तोच डोस जास्त लागू होईल, म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. बहुधा डोस थोडा कमी करावा लागतो. बेंबीपासून दोन बोटे दूर, पोटाचे चार भाग करून दर आठवड्याला भाग बदलणे ही सोपी पद्धत. मांडीचा बाहेरचा भागही चालतो. बहुतेकांना ४ मिलिमीटरची सुई पुरते. पेनमधून आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहा आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजूनच सुई बाहेर काढा.

बाटली-सिरिंज वापरणाऱ्यांनी हा परिच्छेद घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवावा. आपल्याकडे ४० ताकदीच्या आणि १०० ताकदीच्या अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. उलट केले तर २० ऐवजी ८. दुकानदार बदलला, ब्रँड बदलला, मुलाने शहरातून वेगळी बाटली आणली, अशा वेळी ही चूक होते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा, मगच भरा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढू नका.

आणि उन्हाळा. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे, दारातल्या कप्प्यात चालते, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी फेकून द्यायचे. वापरात असलेले ग्लार्जिनचे पेन ३० अंशांच्या आत चार आठवडे चालते. पण एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा खानदेशात घराच्या आतसुद्धा ३० अंश कुठे असतात? फ्रीज नसेल तर मातीच्या मोठ्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान कोरडे मडके आणि त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, असे सावलीत ठेवा. याने तापमान चांगले उतरते. दुचाकीच्या डिकीत ठेवलेले इन्सुलिन घरी आणल्यावर दिसते तसेच, पण काम करत नाही. उन्हाळ्यात अचानक साखर वाढली तर डोस वाढवण्याआधी नवे पेन उघडून पाहा.

रात्री साखर उतरली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ ही लक्षणे बहुतेकांना माहीत असतात. झोपेत ती कळत नाहीत. वाईट स्वप्ने, ओले अंथरूण, सकाळी जड डोके एवढेच हाती लागते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. शेजारी झोपणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

७० च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. सावरल्यावर बिस्किटे किंवा अर्धी पोळी खा. पेढा, लाडू, चॉकलेट पहिल्या फटक्यात नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरातली साखर लवकर चढत नाही; अशांनी ग्लुकोज पावडरच उशाशी ठेवावी. इन्सुलिन दीर्घकाळ चालणारे असल्याने एकदा साखर वर आली म्हणून निश्चिंत झोपू नका, तासा-दोन तासांनी पुन्हा पाहा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उपवास, पाहुणचार, आजारपण

एकादशी, नवरात्र, रोजे, काहीही असो, उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारा. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा डोस बहुधा कमी करावा लागतो, क्वचित तोच राहतो. ठरवताना कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि किडनी कशी आहे हे पाहावे लागते. रात्री मद्य घेतले तर साखर पहाटे उतरू शकते, कारण यकृत मद्य निपटण्यात गुंतते आणि साखर सोडणे मागे पडते. घरच्यांपासून लपवून घेणारे इथे जास्त धोक्यात असतात. मला तरी सांगा.

ताप, उलट्या, जेवण जात नाही, अशा वेळी बरेच लोक इन्सुलिन आपणहून बंद करतात. आजारात साखर न जेवताही वाढते. टाइप १ च्या रुग्णांनी तर दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन कधीच पूर्ण बंद करायचे नाही. दर चार तासांनी साखर पाहा आणि फोन करा. एखाद्या रात्री डोस राहिला आणि थोड्या वेळात आठवला तर घ्या. सकाळी आठवला तर आधी विचारा. दोन डोस एकत्र कधीही घेऊ नका.

किडनीचा आजार नव्याने निघाला, वजन बरेच उतरले किंवा जेवण कमी झाले, तर तोच जुना डोस जास्त ठरू लागतो. वर्षभर ठीक चाललेल्या माणसाची साखर अचानक सकाळी ७५-८० येऊ लागली की घरचे खूश होतात. अशा वेळी क्रिएटिनिन तपासून घ्या. आणि साखर ५४ च्या खाली गेली, एका आठवड्यात दोनदा ७० च्या खाली गेली, किंवा उलट्यांबरोबर ३०० च्या वर राहिली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जाताना वही, पेन किंवा बाटली, सिरिंज आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या.